यंदा पाण्याचा पंप

…आणि वर मलाच विचारतायत, तुम्हाला आनंद नाही का झाला! झाला हो, झाला. आनंद झालाय म्हणूनच तर गेले अकरा दिवस फोन वाजला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडतो, म्हणजे नंतर शपथेवर सांगता येतं, की नळ चालू होता, ऐकू आला नाही. तुम्हाला सांगतो, माणसाने काय वाटेल ते करावं, पण प्रवासाचा बेत करू नये. केलाच, तर नातेवाइकांना सांगू नये. आणि सांगितलाच… तर मग माझ्यासारखं तुमच्यासमोर येऊन बसावं आणि बोलावं, दुसरं काय राहिलंय हातात!

मी विचारलं काय होतं? एवढंच, की पुढच्या महिन्यात तुम्ही मंडळी घरी आहात का? यात काही गैर आहे? हो किंवा नाही, एका शब्दात उत्तर येतं. तर माझा मोठा भाऊ, दादा, तिकडून म्हणाला, "अरे विचारतोस काय असं परक्यासारखं? तू फक्त ये. बाकी मी बघतो." मग मेव्हणीला फोन. तर ती, "अगंबाई, भावोजी, खरंच येताय? तुम्ही फक्त या हो, बाकी सगळं आमच्यावर सोडा!" मग माझा कॉलेजचा मित्र कंपास. त्याला कंपास का म्हणतात, तर तो उभा राहिला की एक पाय जमिनीत रोवतो आणि दुसऱ्या पायाने भोवती फिरत बोलतो, गेली चौतीस वर्षं. तोही म्हणाला, "तू फक्त ये रे!" शेवटी माझी मुलगी, जी विमानाने गेलं तर आठ तास आणि फोनवर बोललं तर अर्धा सेकंद लांब राहते. तीही म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त या."

चार जणं. चौघंही बाकीचं बघणार. आता मला सांगा, चार माणसं एकाच वेळी बाकीचं बघायला लागली, तर बाकी काय उरतं?

आता माझा धंदा… म्हणजे नोकरी. मी गाड्या पास करतो. रस्त्यावर जी गाडी चालते, ती चालायच्या लायकीची आहे की नाही, हे वर्षातून एकदा बघावं लागतं ना, ते बघणारा मी. आमच्या शेडमध्ये एक लांबलचक खड्डा आहे, त्यावर गाडी उभी करतात आणि मी खाली उतरून, बॅटरी आणि हातोडी घेऊन, खालून तिला ठोकत ठोकत जातो. ठण्ण वाजलं तर ठीक, ठप्प वाजलं तर नापास. सत्तावीस वर्षं हेच. गाडीचा मालक वर उभा राहून गयावया करत असतो, "साहेब, वरून बघा की एकदा, नवी कोरी दिसते!" मी म्हणतो, मला वरचं कळत नाही. मला खालून दाखवा.

हे का सांगतोय, ते कळेल पुढे.

तर प्रवास. ही होती तेव्हा प्रवासाचं सगळं हीच बघायची, मी फक्त गाडी चालवायचो. डावीकडे म्हणाली की डावीकडे. ही गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. असो. तर प्रवास कसा, ऐका. इथून विमान. विमान आधी उलट्या दिशेला जातं, का जातं विचारू नका, मुलगी म्हणाली तसंच असतं बाबा. तिथे साडेतीन तास बसायचं, मग दुसरं विमान, ते आपल्या गावावरून… अक्षरशः आपल्या छपरावरून, मी नकाशावर बघितलं… उडत उडत दादाच्या शहरात. तिथल्या विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची. दादाकडे दोन दिवस. मग गाडीने मेव्हणीकडे, सात तास. तिथून कंपासकडे, तीन तास. कंपासच्या गावात दुसरा विमानतळ, तिथे गाडी परत करायची आणि विमानात बसून मुलीकडे. झालं. चार घरं, तीन विमानं, एक गाडी, एक मी.

मुलीने याचा तक्ता केला. रंगीत. दादाकाकाचा निळा, मावशीचा हिरवा, कंपासकाकाचा केशरी, तिचा स्वतःचा जांभळा. तासातासाचा तक्ता! आठ वाजता उठणे. अहो, माझं उठणंसुद्धा तक्त्यात घातलं! आणि मग तिने फोनवर सगळ्यांचा ग्रुप केला, त्याला नाव दिलं "बाबांचा प्रवास", आणि त्या दिवसापासून माझा प्रवास सुरू झालाय. मी अजून खुर्चीतून उठलेलो नाही, पण प्रवास सुरू झालाय. दादा लिहितो, त्याला खिडकीची जागा द्या. वहिनी लिहितात, नको, पाय अवघडतात, कडेची द्या. कंपास लिहितो, मधली घ्या म्हणजे दोन्ही बाजूंनी गप्पा मारता येतात. कोणाशी? कोणाशी गप्पा मारता येतात? मी एकदाच धीर करून लिहिलं, "मला कुठलीही चालेल." त्यावर चौघांनी अंगठे पाठवले आणि पुन्हा भांडायला लागले.

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय आहे? माणसं एवढी जीव टाकतायत, तर गप बसून जा की! हो ना. मलाही तेच वाटतं. पण अडचण माणसांची नाहीच आहे. अडचण आहे बुधवारची.

आता जे सांगतो, ते तुमच्यातच राहू द्या.

बुधवारी दादाकडून निघायचं. दादाचं घर ते मेव्हणीचं घर, सात तास. बरोब्बर मध्ये एक फाटा आहे. फाट्यावर एक टायरवाला, टायरवाल्याच्या डोक्यावर चार खोल्यांचं एक लॉज. लॉजसमोर काय असेल? तळं? डोंगर? छे. सिमेंटच्या पाइपांचा कारखाना. ते नाही का, जमिनीखाली घालतात, माणूस उभा राहील एवढे मोठे पाइप? ते आवारात रांगेने पडलेले. खोलीबाहेरच्या गॅलरीत दोन खुर्च्या. एकोणीस वर्षांपूर्वी दादाकडून मेव्हणीकडे जाताना तिथे आमची गाडी बंद पडली. खरीखुरी. फॅनबेल्ट तुटला. टायरवाला म्हणाला, नवा उद्या येईल. हिने मेव्हणीला फोन केला, म्हणाली, "अगं, काय सांगू, रस्त्यातच अडकलो." आणि आम्ही वर जाऊन त्या दोन खुर्च्यांवर बसलो.

आणि तुम्हाला सांगतो… काहीच झालं नाही. हीच तर गंमत! काहीच झालं नाही. कोणी म्हणालं नाही, अजून थोडं घ्या. कोणी अल्बम काढला नाही. कोणी विचारलं नाही, की तुमचं आणि दादाचं जागेच्या वाटणीवरून काय बिनसलं होतं. हिने चपला काढल्या, पाय कठड्यावर ठेवले आणि अख्खं वर्तमानपत्र वाचलं, अगदी निविदा-सूचनांसकट. मी पाइपांकडे बघत बसलो. दुपार कलती झाली तेव्हा ती म्हणाली, "एक्केचाळीस आहेत." मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "पाइप." दिवसभरातलं आमचं संभाषण हे एवढं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच वाट. दादाचं घर सोडून तासभर झाला असेल. ही खिडकीबाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "अहो, आज क्लचप्लेट गेली तर?"

मी म्हटलं, "कशी जाईल? मी स्वतः तपासलीय."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. पुढे फाटा दिसला, आणि मी… मी, ज्याने सत्तावीस वर्षांत एक वायपर मोडका असला तरी गाडी पास केलेली नाही… मी गाडी बाजूला घेतली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

एकोणीस वर्षं हो! दरवर्षी एकदा गाडी बंद. सुरुवातीला आमची स्वतःची गाडी होती, पुढे पाठीने दगा दिला म्हणून विमान आणि भाड्याची गाडी सुरू झाली, तर तीही बंद! रेडिएटर, सेल्फ, तेलाची नळी, गिअरची तार. भाग मी सुचवायचो, फोन ती करायची. आणि काय फोन करायची! अर्धा आवाज रडवेला, अर्धा धापा टाकल्यासारखा, मध्येच मागे वळून मला म्हणायची, "अहो, त्या मेकॅनिकला विचारा ना नीट!" मी गॅलरीत खुर्चीवर. मेकॅनिक कुठाय? एकच भाग लागोपाठ दोनदा जाऊ नये, दादाला शंका येईल, म्हणून तिने टेलिफोनच्या डायरीत शेवटच्या पानावर यादी ठेवली होती. वर्ष आणि भाग. वर्ष आणि भाग.

आता तुम्ही म्हणाल, खोटं कशाला बोलायचं? सरळ सांगायचं, की वाटेत एक दिवस थांबणार आहोत. तुम्हाला नातेवाईक नाहीत का हो? एक दिवस मोकळा आहे हे कळलं असतं, तर तो दिवस कोणाचा यावरून दादा आणि मेव्हणीत दोन वर्षं बोलणं बंद झालं असतं. "लॉजवर राहायला दिवस आहे आणि सख्ख्या बहिणीकडे नाही?" संपलंच की! मोकळा दिवस मागून मिळत नसतो. तो बिघडूनच मिळतो.

आणि त्याची शिक्षा कोणी भोगली? मी. "आले, पासिंगवाले साहेब आले! गाडीत बसून आलात की ढकलत?" हे दादाचं, दारातच, दरवर्षी. मेव्हणीच्या घरी तर शेजारपाजारचे मला बघायला यायचे, की हाच का तो, जो दुसऱ्यांच्या गाड्या नापास करतो आणि स्वतःची जागेवर बंद पाडून येतो? धंद्याची सगळी अब्रू त्या फाट्यावर गेली माझी. मी हूं की चूं केलं नाही. ही आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसायची.

तर आता मुद्दा असा. बारा दिवसांपूर्वी… म्हणजे मी सगळ्यांना ते फोन केले त्याच्या आदल्या सकाळी… लॉजवाल्या बाईंचा फोन आला. त्या दरवर्षी याच सुमाराला करतात. एकोणीस वर्षांत त्यांना सगळं माहीत झालंय. म्हणाल्या, "साहेब, यंदा गाडी कधी बंद पडतेय? खोली ठेवायची, म्हणून विचारते. लवकर पाडा हो, रस्ता रुंद होतोय, पुढचा महिना संपला की लॉज पाडणार. चौथी खोली तर पाडलीसुद्धा. यंदाची ही शेवटची." आणि मग म्हणाल्या, "ताई बऱ्या आहेत ना?"

तुम्हाला सांगतो, मला खोटं बोलता येत नाही. जन्मात जमलं नाही. ते खातं तिचं होतं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "बऱ्या आहेत."

त्या म्हणाल्या, "मग तीन नंबर ठेवते. गॅलरीत खुर्च्या दोन."

मी म्हटलं, "दोन."

फोन ठेवला. डायरी काढली. शेवटचं पान. एकोणीस ओळी. आणि खाली विसावी ओळ, तिच्याच अक्षरात, आगाऊ लिहून ठेवलेली. यंदाचं साल आणि समोर, पाण्याचा पंप.

आता कळलं मला प्रवास का करायचाय? मला दादाकडे जायचंय, जायचंय की. मेव्हणीलाही भेटायचंय. पण मला मुळात पाहिजे तो बुधवार. एक दिवस, दोन खुर्च्या, आणि किती पाइप उरलेत ते मोजायचंय. बस. एवढी एकच गोष्ट पाहिजे, आणि तुम्हाला सांगतो, ती सोडून जगातलं सगळं मला मिळतंय!

मी मुलीला म्हटलं, बुधवार रिकामा ठेव. म्हणाली, "का बाबा?" म्हटलं, विश्रांती. म्हणाली, "मग मावशीकडे घ्या ना विश्रांती!" आणि बुधवार हिरवा करून टाकला. माझ्या डोळ्यांदेखत! पांढरा होता, हिरवा झाला.

बरं म्हटलं, हरकत नाही. गाडी बंद पडली की तक्ता काय करणार? म्हणून मी भाड्याच्या गाड्यांच्या यादीतली सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी गाडी निवडली. मी जाणकार माणूस, मला फोटोवरून कळतं कोण तग धरणार नाही. दोन तासांत दादाचा फोन. "अरे, ते डबडं कशाला घेतलंस? एकोणीस वर्षं बघतोय तुझे हाल. रद्द केलं मी. नवी गाडी घेतलीय, सहाशे किलोमीटर चाललेली. आणि ऐक, बंद पडलीच ना, तर चाळीस मिनिटांत दुसरी आणून देतात, जिथे असशील तिथे. लेखी!" म्हटलं, दादा, पण… "पण नाही नि बिण नाही. तू फक्त ये."

चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटांत पाइप तरी मोजून होतात का?

मग मेव्हणी. "भावोजी, त्या फाट्यावरून येऊच नका तुम्ही. ती वाटच वाईट आहे तुम्हाला. आता नवीन रस्ता झालाय, फाटा लागतच नाही, पाच तासांत आमच्या दारात!" पाच तास. म्हणजे दोन तास तिने आणखी कापले. आणि त्या दोन तासांत काय करायचं हेही ठरवलं, माझा रक्तदाब तपासायचा. तिच्या घराखाली डॉक्टर आहे.

आणि कंपास? कंपास म्हणाला, "तू एकटा पाच तास गाडी चालवणार? मी येतो दादाकडे, तुझ्याबरोबर बसतो." मी म्हटलं, अरे, मी तुझ्याकडेच येतोय ना? मग तू तिथून निघून दादाकडे कशाला येतोस? म्हणाला, "तुला माझ्याकडे आणायला!" आता यावर काय बोलणार? तुम्हीच सांगा. म्हणाला, "गप्पा मारत जाऊ. तू फक्त गाडी चालव, बोलायचं माझ्यावर सोड."

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ठिपका. मुलीने माझ्या फोनमध्ये काहीतरी केलंय, त्यामुळे मी कुठे आहे ते सगळ्यांना नकाशावर दिसतं. निळा ठिपका. आता या क्षणी मी तुमच्यासमोर बसलोय ना, हे माझ्या वहिनींना दिसतंय. परवा मी कोपऱ्यावर दाढीचं पातं आणायला गेलो, तर ग्रुपवर मेव्हणी, "भावोजी इतक्या उन्हात कुठे निघाले?" आणि ठिपका बंद केला तर? तर मुलीच्या फोनवर घंटा वाजते. तेही करून बघितलं. वाजते.

म्हणजे गाडी नवी, रस्ता नवा, शेजारी कंपास, वर ठिपका. अहो, कैद्याला इतक्या बंदोबस्तात नेत नाहीत!

शेवटी मी म्हटलं, बास. हिला जमत होतं ते आपल्याला का जमू नये? आधी कागदावर लिहून काढलं. दोनदा मोठ्याने वाचलं. आणि मेव्हणीला फोन लावला. म्हटलं, "अगं, काय सांगू. गाडी बंद पडलीय."

ती म्हणाली, "कुठली गाडी? तुमचा ठिपका तर घरात आहे."

म्हटलं, "आत्ता नाही. बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

"पुढच्या महिन्यातल्या. साधारण साडेअकराला."

ती गप्प. मला वाटलं जमतंय, म्हणून मी कागद पुढे वाचला. "पाण्याचा पंप गेलाय. इंजिन तापलं. मेकॅनिक म्हणतो, भाग उद्या येईल." आणि मग हिच्यासारखं मागे वळून म्हटलं, "अहो, जरा नीट बघा ना!" मागे आमचं कपाट.

मेव्हणी अगदी हळू आवाजात म्हणाली, "भावोजी… तुम्ही जेवलात का?"

दहा मिनिटांत फोनवर चौघांचे चेहरे. चार चौकटी, चार चेहरे, सगळे काळजीत. दादा म्हणतोय, "डॉक्टरला दाखवलंस का?" मुलगी म्हणतेय, "बाबा, आज वार कोणता आहे, सांगा बघू." कंपासची चौकट सारखी फिरतेय, कारण तो उभा आहे. मी काय करणार? मला येतं एकच, गाडी खालून दाखवायची. दाखवली. सगळं सांगितलं. फाटा, फॅनबेल्ट, क्लचप्लेट, डायरी, एकोणीस वर्षं. फक्त लॉजवाल्या बाईंना काय म्हणालो, तेवढं नाही सांगितलं.

मग दादा. "म्हणजे… क्लचप्लेटच्या वर्षी मी नवी प्लेट घेऊन, रजा टाकून, निम्म्या रस्त्यापर्यंत आलो होतो, ते?"

म्हटलं, "हो. हिने फोन करून परत पाठवलं तुला."

"रेडिएटरच्या वर्षी तर ताई फोनवर रडली होती!" मेव्हणी म्हणाली. "मला दोन दिवस चैन पडलं नाही!"

म्हटलं, "रडत नव्हती गं. तोंडावर उशी धरली होती."

मेव्हणीने चौकटीत तोंडावर हात धरला. आता ती हसतेय की काय करतेय, ते मला कळेना. बहिणीच त्या. दोघींचं खांदे हलवणं अगदी एकसारखं. मुलगी खाली बघत होती. मला वाटलं, झालं, कळलं यांना. आता म्हणतील, जा बाबा, बुधवारी तुझा तू जा. आणि मग दादा म्हणाला…

"मग आपण सगळेच जाऊ की तिथे!"

आहे का! आहे का बोलायला काही! "वा, काय बोललात दादा!" "मी सकाळी निघते, मला तर तीन-साडेतीन तासांचंच आहे!" "बाबा, मीच येते तिकडे, लगेच विमान बघते!" "मी तर गाडीतच आहे!" आणि बुधवार… तुम्हाला सांगतो, माझा बुधवार निळा, हिरवा, केशरी, जांभळा, चारी रंगांचा झाला. ज्यांच्यापासून एक दिवस लपायला एकोणीस वर्षं मी गाड्या मोडल्या, ती अख्खी मंडळी त्या एका दिवसात येऊन बसली! मी म्हटलं, तिथे बघण्यासारखं काही नाहीये हो, सिमेंटचे पाइप आहेत. तर वहिनी म्हणाल्या, "आम्ही खाली चटया टाकून बसू. भाऊजी, तुम्ही फक्त या."

मुलीने लगेच लॉजला फोन केला. खोल्या तीन. एकीत दादा-वहिनी, एकीत मेव्हणी, आणि तीन नंबर. मुलगी म्हणाली, "बाबा, आईची खोली मी घेऊ? मला त्या खिडकीतून बघायचंय."

मी म्हटलं, "घे."

मग मी कुठे? मेव्हणी गेली मुलीबरोबर, आणि मी, कंपासबरोबर. दोन नंबर. कंपास झोपेतही बोलतो.

काल लॉजवाल्या बाईंचा फोन. नळ सोडला नाही मी, घेतला. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मुलीचा फोन आला होता."

म्हटलं, "हो."

म्हणाल्या, "सगळं सांगितलं तिने."

मागे कुठेतरी घण घातल्याचा आवाज येत होता, पाडत असतील. मला वाटलं, आता विचारतील, साहेब, मग मला बऱ्या आहेत असं का सांगितलंत? तर नाही विचारलं. म्हणाल्या, "पाइप अठ्ठावीस राहिलेत. मी मोजले सकाळी. ताई विचारायच्या ना नेहमी."

म्हटलं, "अठ्ठावीस. बरं."

"आणि माणसं किती तुम्ही?"

"सहा."

"माझ्याकडे गॅलरीत खुर्च्या दोनच आहेत, साहेब. खालून टायरवाल्याकडून मागवू का आणखी?"

म्हटलं, "नको. दोनच ठेवा."

आणि दोनच ठेवल्या, तरी त्या दुसऱ्या खुर्चीवर कोण बसणार, ते मला आत्तापासून दिसतंय. कंपास बसणार. आयुष्यात पहिल्यांदा बसणार. आणि बोलणार. सिमेंटचे पाइप कसे ओततात, यावर बोलणार.

म्हणून आज सकाळी शेवटचा उपाय केला. भाड्याच्या गाडीवाल्यांना स्वतः फोन लावला. एक मुलगी होती, फार गोड आवाज. म्हणाली, "बोला सर, गाडी बदलायची आहे का? मोठी देऊ?"

म्हटलं, "मोठी नको. जरा जुनी बघा."

"जुनी? किती जुनी सर?"

"पाण्याचा पंप थोडा कच्चा असेल इतपत. म्हणजे कसं, फाट्याच्या अलीकडे एखाद्या मैलावर बंद पडेल, शेजारचा माणूस ढकलायला खाली उतरेल, आणि उतरला की चालू होईल, अशी."

तर ती अगदी मायेने म्हणाली हो… "सर, आमच्या गाड्या बंद पडत नाहीत. तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुम्ही फक्त या."